मैदानावर कोट्यवधी, प्रयोगशाळेसाठी वर्गणी

२ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीच्या मैदानात बफेलो बिल्सचा फुटबॉलपटू डमार हॅमलिन एका टक्करीनंतर उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी कोसळला. छातीवर बसलेला मार हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी बसला होता आणि त्यामुळे हृदय बंद पडले होते. संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने तिथेच त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, विजेचा धक्का देणारे यंत्र वापरले गेले आणि हॅमलिन वाचला. त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट अमेरिकेत बराच काळ चर्चेत राहिली. हॅमलिनने २०२० मध्ये आपल्या गावाकडच्या मुलांना नाताळात खेळणी वाटण्यासाठी इंटरनेटवर वर्गणी गोळा करायला सुरुवात केली होती. उद्दिष्ट होते फक्त २,५०० डॉलरचे. तो कोसळल्यावर काय करावे हे न सुचलेल्या लाखो प्रेक्षकांनी ती वर्गणी शोधून काढली आणि काही दिवसांत तिथे ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. पुढे हॅमलिनच्या संस्थेने छातीदाबाचे प्रशिक्षण आणि यंत्रवाटप यांकडे मोर्चा वळवला, हे खरे. पण केलिंग्टनसारखी माणसे हे काम ज्या खोल्यांत शिकतात, त्या विद्यापीठीय प्रयोगशाळांना आजही सरावाचा पुतळा, तपासणीचे टेबल किंवा बर्फाचा हौद घेण्यासाठी माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरावा लागतो. विद्यापीठांच्या वार्षिक ‘देणगी दिना’च्या यादीत कुठेतरी खाली, वाद्यवृंदाचे गणवेश आणि वादविवाद मंडळाचा प्रवासखर्च यांच्यामध्ये, ॲथलेटिक ट्रेनिंग विभागाचे आवाहन असते.

‘ट्रेनर’ या शब्दामुळे आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. जिममध्ये वजने उचलायला लावणारा तो ट्रेनर, असे आपण समजतो. अमेरिकेतील ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्य व्यावसायिक असतो. क्रिकेटच्या मैदानावर पिशवी घेऊन धावत येणारा ‘फिजिओ’ डोळ्यांसमोर आणला तर तो बराचसा जवळचा ठरेल. दुखापत टाळणे, झालेली ओळखणे, पहिल्या काही मिनिटांतले उपचार करणे आणि नंतर खेळाडूला पुन्हा उभे करणे हे त्याचे काम. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून १९९० मध्ये मान्यता दिली. फार मोठा काळ हे शिक्षण पदवीचेच होते. २०१५ मध्ये ते पदव्युत्तर पातळीवर नेण्याचा निर्णय झाला आणि २०२२ च्या शरद ऋतूनंतर पदवी अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येईनासे झाले.

हा निर्णय दर्जाच्या दृष्टीने योग्यच होता. शेजारच्या फिजिओथेरपीने तर डॉक्टरेटपर्यंत मजल मारली होती. पण त्याचा हिशेब विभागांच्या वह्यांत वेगळाच उमटला. पदवीच्या चार वर्षांत शुल्क भरणारे बरेच विद्यार्थी असत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर तुकडीत अनेक ठिकाणी जेमतेम दहा-पंधरा जण असतात. अनेक छोट्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रमच बंद केले. जे उरले, त्यांना कमी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अधिक वरच्या दर्जाचे शिक्षण द्यायचे आहे. अधिस्वीकृती देणारी संस्था पुरेशी आणि सद्यकालीन उपकरणे मागते. ती आणायची कुठून, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

उपकरणे म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय या वर्गणीचे गांभीर्य कळत नाही. सांध्याची हालचाल मोजण्याचे कोनमापक, चिकटपट्ट्यांची खोकी, कुबड्या, स्नायूंना विद्युत्-उद्दीपन देणारी यंत्रे, पाठीच्या कण्याला मार लागलेल्या खेळाडूला हलवण्याचे फळे, फुटबॉलची शिरस्त्राणे आणि खांद्याची कवचे. शिरस्त्राणे शिकवणीला कशासाठी, असे वाटेल. मानेला दुखापत झालेल्या खेळाडूच्या तोंडावरची जाळी मान न हलवता काही सेकंदांत काढावी लागते, नाहीतर श्वासमार्ग मोकळा करता येत नाही. कंपन्या दर काही वर्षांनी जाळीच्या खिट्ट्यांची रचना बदलतात. संघाने टाकून दिलेली दहा वर्षांपूर्वीची शिरस्त्राणे प्रयोगशाळेत आली, की विद्यार्थी मैदानात कधीच न दिसणारी खिट्टी उघडायला शिकतात. बरे, ही कवचे रुग्णालयात नेण्यापूर्वी काढावीत की तशीच ठेवावीत, यावरचा तज्ज्ञांचा सल्लाही गेल्या दशकात बदलला. सल्ला बदलला की सराव बदलतो आणि सराव बदलला की सामान बदलते.

छातीदाबाच्या पुतळ्यांची कथा तशीच. दाब किती खोल आणि किती वेगाने पडतो आहे हे दाखवणारे यंत्र प्रौढांच्या छातीदाब प्रशिक्षणात ३१ जानेवारी २०१९ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने बंधनकारक केले. निर्णय शास्त्राला धरून होता; नुसत्या अंदाजाने दिलेला दाब बहुधा उथळ पडतो. त्यामुळे कपाटातले जुने पुतळे मात्र एका फटक्यात कालबाह्य झाले. हृदय बंद पडल्यावर छातीदाबाविना जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवते. नवा पुतळा आणि त्याच्या बॅटऱ्या यांची तरतूद कोणी करायची, हे त्या नियमात लिहिलेले नव्हते.

या सगळ्यांत सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे बर्फाच्या पाण्याचा हौद. महाराष्ट्रात उष्माघात म्हटले की एप्रिल-मेचे ऊन आणि शेतात किंवा रस्त्यावर राबणारी माणसे आठवतात. खेळाडूंना होणारा श्रमजन्य उष्माघात त्यापेक्षा थोडा वेगळा. तरुण, धडधाकट शरीर जोरात धावताना स्वतःच इतकी उष्णता निर्माण करते, की ती बाहेर टाकणे जमत नाही. शरीराच्या आतले तापमान ४० ते ४०.५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा कोसळतो. ताप किती चढला याइतकेच तो किती वेळ चढलेला राहिला, यावर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांचे भवितव्य ठरते. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३८.९ अंशांच्या खाली आणले तर बहुतेक सगळे वाचतात. मॅसॅच्युसेट्समधील फॅलमथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत अशा २७४ धावपटूंना जागेवरच गार पाण्यात बुडवून थंड करण्यात आले. त्यांपैकी एकही दगावला नाही.

म्हणून या क्षेत्रातला नियम असा: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात जी मिनिटे जातात, तीच जीव घेतात. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता खेचून घेते, त्यामुळे पंखा, ओले फडके किंवा काखेत ठेवलेल्या बर्फाच्या पिशव्या हौदाची बरोबरी करू शकत नाहीत. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा, जनावरांना पाणी पाजायचा मोठा हौद यासाठी पुरतो. तोही नसेल तर ताडपत्री पसरून तिच्या कडा चौघांनी उचलून धरायच्या आणि मध्ये खेळाडूला ठेवून बर्फपाणी ओतायचे. हे सगळे काही शे डॉलरांत बसते.

अडचण दुसरीकडे आहे. उष्माघात आहे की साधी चक्कर, हे ओळखायला आतले तापमान हवे. धावून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचे तोंडातले, काखेतले, कानातले किंवा कपाळावरचे तापमान फसवे असते. मैदानावर भरवशाचा एकच मार्ग उरतो, तो गुदमार्गाचा. लवचिक तार असलेला तापमापक आत ठेवून खेळाडू पाण्यात असतानाही आकडा पाहत राहायचा. एकोणीस वर्षांच्या मुलाचे कपडे सगळ्या संघासमोर बाजूला करून, आडोसा धरून, हात न थरथरता हे करणे म्हणजे पुस्तकात वाचून येणारी गोष्ट नव्हे. पुतळ्यावर दहा वेळा केल्यावर अकराव्या वेळी संकोच जरा कमी होतो. अनेक ट्रेनरांना शास्त्र ठाऊक असते आणि प्रसंगी ते हा तापमापक बाहेरच काढत नाहीत, हे अमेरिकेतील संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे. त्यामुळे या एका पुतळ्याची आणि एका तापमापकाची किंमत त्याच्या पावतीवरून ठरवता येत नाही.

हात न चालण्याची किंमत काय असते, हे मेरीलँड विद्यापीठात दिसले. २९ मे २०१८ रोजी १९ वर्षांचा जॉर्डन मॅक्नेअर हा फुटबॉलपटू धावण्याच्या सरावात कोसळला. लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत १ तास ३९ मिनिटे गेली. त्याचे तापमान घेतले गेले नाही आणि त्याला गार पाण्यात बुडवण्यात आले नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशी अहवालात या त्रुटी एकेक करून मांडल्या गेल्या. त्यातला एक तपशील विशेष बोचणारा आहे: मॅक्नेअर अंगाने खूप मोठा होता आणि पाण्यात त्याला धरून ठेवता येणार नाही, तो बुडेल, अशी भीती वाटल्याचे कारण देण्यात आले. मोठ्या देहाच्या खेळाडूला काखेखालून चादर घालून पाण्यात कसे धरायचे, हे एका दुपारच्या सरावाने शिकता येते. विद्यापीठाने नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी मान्य केली, प्रशिक्षकाची नोकरी गेली आणि २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलर देण्याचे ठरले. त्या रकमेत किती प्रयोगशाळा सजल्या असत्या, हा हिशेब करायला नको. पण तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

मग अमेरिकेसारख्या देशात, खेळावर पाण्यासारखा पैसा वाहत असताना, हौद आणि पुतळ्यासाठी वर्गणी का? उत्तर प्रशासकीय आहे आणि म्हणूनच चिवट आहे. बाहेरच्याला एकच दिसणारे विद्यापीठ आत दोन संसार चालवते. संघ, मैदाने, प्रशिक्षक आणि खेळाडूंवर उपचार करणारे ट्रेनर हे क्रीडा विभागाचे. त्या ट्रेनरांना शिकवणारा अभ्यासक्रम मात्र आरोग्यविज्ञान किंवा शिक्षणशास्त्र शाखेचा. क्रीडा विभागाच्या दालनात चकचकीत जलोपचार कुंड असते, त्याच आवारात पाच मिनिटांवर असलेल्या वर्गात विद्यार्थी फाटलेल्या गादीच्या टेबलावर एकमेकांचे गुडघे तपासत असतात. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव क्रीडा विभागात मिळतो, पण तिथे खेळाडूवर उपचार चालू असतात. चुका करत शिकण्याची ती जागा नव्हे.

दोन्ही संसारांतली दरी आता आणखी रुंद होत आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या दाव्यातील तडजोडीला मंजुरी दिली. माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई मिळायची आहे आणि २०२५-२६ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देता येतो, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंच्या घामावर इतरांनीच श्रीमंत व्हावे ही जुनी अन्यायाची रीत मोडली, हे चांगलेच झाले. पण मोजकी बडी विद्यापीठे सोडली तर बाकीचे क्रीडा विभाग स्वतःच्या पायावर उभे नाहीत. विद्यार्थ्यांकडून घेतलेले शुल्क आणि विद्यापीठाच्या सर्वसाधारण तिजोरीतून आलेली मदत यांवर ते चालतात. खेळाडूंना द्यायची रक्कम तिथे ज्या तिजोरीतून निघेल, तिच्याच दुसऱ्या टोकाला आरोग्यविज्ञान शाखेची प्रयोगशाळा उभी असते.

विद्यार्थ्यांवर शुल्क वाढवावे, तर तेही आता सोपे राहिलेले नाही. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या संघीय कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० डॉलर ही मर्यादा आली. वैद्यक, कायदा अशा ‘व्यावसायिक’ पदव्यांना मात्र वर्षाला ५०,००० डॉलरची मुभा आहे. व्यावसायिक कशाला म्हणायचे यावर शिक्षण खात्याच्या समितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये जी प्रस्तावित व्याख्या ठरली, तिच्यात परिचर्या आणि फिजिओथेरपीलाही जागा मिळाली नाही, तिथे ॲथलेटिक ट्रेनिंगचे नाव कुठून येणार? आकड्यांचा योगायोग पाहण्यासारखा आहे. खेळाडूंवर वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलर खर्च करण्याची मुभा, आणि त्या खेळाडूंचा जीव सांभाळायला शिकणाऱ्याला वर्षाला २०,५०० डॉलरचे कर्ज. बरोबर हजारावा भाग.

अशा वेळी देणगी हाच मार्ग उरतो आणि तो मार्ग दिसतो तितका निर्मळ नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ‘गिव्हिंग ट्यूजडे’नंतर चोवीस तासांच्या देणगी मोहिमांची साथच विद्यापीठांत पसरली. पडद्यावर सरकणारा आकडा, ‘तुम्ही जितके द्याल तितकेच आम्ही घालू’ असे म्हणणारा एखादा धनिक, कोणता विभाग पुढे याची चुरस. ज्यांचे माजी विद्यार्थी बँकांत आणि संगणक कंपन्यांत आहेत ते विभाग पुढे जातात. ॲथलेटिक ट्रेनिंगचे माजी विद्यार्थी शाळांत आणि छोट्या महाविद्यालयांत संध्याकाळी उशिरापर्यंत मैदानाच्या कडेला उभे असतात. त्यांच्याकडून येतात पंचवीस, पन्नास डॉलर. ते प्रेमाचे असतात. त्या पैशांतून चिकटपट्टी येते.

मोठी देणगी आली की ती वस्तूला चिकटून येते. देणाऱ्याला आपल्या नावाची पाटी लावता येईल अशी वस्तू हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. मग विभागही तसेच मागायला शिकतो. माणसासारखा श्वास घेणारा, घाम येणारा, हजारो डॉलरचा संगणकीय पुतळा किंवा त्रिमितीय शरीररचना दाखवणारे टेबल यांची छायाचित्रे छान येतात. गुदमार्गे तापमान घेण्याच्या सरावाचा अर्धा पुतळा कोणत्याही माहितीपत्रकावर छापता येत नाही. वर्षातून एकदा करायची विद्युत्-उपचार यंत्रांची तपासणी, बिघडलेला संवेदक, पुतळ्याच्या कंपनीचा देखभाल करार, बर्फ तयार करणाऱ्या यंत्राची दुरुस्ती, यांना पाटी लागत नाही. परिणामी तीन वर्षांनी तो महागडा पुतळा आच्छादन घालून कोपऱ्यात उभा राहतो. कायमनिधी हा त्यावरचा उपाय. पण अशा निधीतून विद्यापीठे साधारण वर्षाला चार-पाच टक्केच खर्चायला देतात. म्हणजे आधी लाखभर डॉलर जमवावे, तेव्हा कुठे वर्षाला चार-पाच हजार हाती येणार.

उपकरण कंपन्यांच्या भेटवस्तू हा आणखी एक मोह. विद्यार्थी ज्या यंत्रावर शिकतो तेच पुढे विकत घेण्याचा आग्रह धरतो, हे कंपन्यांना चांगले ठाऊक आहे. यंत्र फुकट मिळाले की ते अभ्यासक्रमातही जागा मिळवते. ध्वनिलहरींनी उपचार करणाऱ्या यंत्राचेच घ्या. दुखणाऱ्या स्नायूंवर ते फिरवण्याची पद्धत जगभर रुळली, आपल्याकडेही कित्येकांच्या खांद्यावरून ते फिरले असेल. पण अनेक दुखण्यांत त्याचा फायदा दाखवणारा पुरावा कमकुवत असल्याचे संशोधनांच्या आढाव्यांतून पुढे आले आहे. तरीही ती यंत्रे प्रयोगशाळांत टिकून आहेत, कारण ती आहेतच. विभागाने आवाहन काढण्यापूर्वी कशाने जीव वाचतो, कशाने अपंगत्व टळते आणि कशाने फक्त खोली आधुनिक दिसते, अशी क्रमवारी लावली आणि ती देणाऱ्यांना मोकळेपणी दाखवली, तर निदान छोट्या रकमा योग्य जागी पडतील. त्या क्रमवारीत हौद, तापमापक, छातीदाबाचा पुतळा आणि सध्याच्या बनावटीची चार शिरस्त्राणे ही ध्वनियंत्राच्या बरीच वर येतील.

काही शहाणपण वर्गणीविनाही शक्य आहे. परिचर्या आणि फिजिओथेरपी विभागांच्या सराव-दालनांत संगणकीय पुतळे आधीच असतात. वेळापत्रक जुळवले तर ते वाटून घेता येतात. क्रीडा विभागाने दरवर्षी मोडीत काढायच्या वेळी नव्हे, तर नवे सामान खरेदी करतानाच दोन नग शिकवणीसाठी जास्त घ्यावेत, असा साधा करार करता येतो. अडते ते अहंकारात आणि ‘तुटले तर कोणाच्या खात्यावर’ या प्रश्नात.

डग्लस कासा हे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. १९८५ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा स्पर्धेत १० हजार मीटर धावताना ते उष्माघाताने कोसळले. तिथे हजर असलेले ॲथलेटिक ट्रेनर केंट स्क्रायबर यांनी ओळखले, काय झाले आहे, आणि लगेच उपचार सुरू केले. स्क्रायबर हे इथाका कॉलेजात हाच विषय शिकवत. कासा वाचले, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि उष्माघाताच्या अभ्यासाला वाहून घेतले. मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात २०१० मध्ये जी संस्था उभी राहिली, ती कासा चालवतात. स्ट्रिंगरच्या पत्नीचा तिच्या स्थापनेत वाटा होता. खेळाडू गेल्यावर कुटुंब पुढे येते, संस्था निघते, कायदा होतो, असा हा अमेरिकी क्रम आहे. फ्लोरिडात २०१७ मध्ये शाळकरी फुटबॉलपटू झॅकरी मार्टिन गेला आणि २०२० मध्ये त्याच्या नावाच्या कायद्याने तिथल्या शाळांच्या सरावाच्या जागी गार पाण्याचा हौद बंधनकारक झाला.

कायद्याने हौद आले. अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश माध्यमिक शाळांत मात्र ॲथलेटिक ट्रेनरच नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले होते. ही पदे भरायची तर माणसे याच आटत चाललेल्या अभ्यासक्रमांतून यायला हवीत. फुटबॉलचा हंगामपूर्व सराव दरवर्षी भर उन्हाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो आणि शरीराला उन्हाची सवय नसलेले पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. जॉर्डनच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने काढलेली संस्था त्या दिवसांसाठी शाळांना देणगी देते. रोख पैशांऐवजी ती बहुधा गार पाण्याचे हौदच देते.